वीस मिनिटं, ओला स्पंज

मिनिआपोलिस
सोमवार, ९ सप्टेंबर २०१३

हार्लन मामा,

तुझं पत्र जुलैचं आणि आज सप्टेंबर उजाडलाय. मधले दिवस मी ते खिशात घेऊन हिंडलो. एकदा पँटबरोबर धुतलंसुद्धा, पण तू पेन्सिलीने लिहितोस म्हणून वाचलं. टाळत होतो, सरळ कबूल करतो. पत्राच्या शेवटी तू एकच प्रश्न विचारला होतास, ऑक्टोबरच्या नाचाला येतोस का. ‘नाही’ लिहायला हात धजेना. ‘हो’ लिहावं तर मी मला चांगला ओळखतो. मग म्हटलं, पत्रच नको.

मधे ओमाहाला झोपेच्या अभ्यासात होतो. तिथे एक माणूस भेटला, दोन्ही मनगटांवर मिळून चार घड्याळं घालायचा आणि वेळ मात्र मला विचारायचा. त्याची गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी.

तर काम तेच. लोक माझा अभ्यास करतात, मी बसून राहतो. आमच्यासारखे बरेच आहेत, या शहरातून त्या शहरात. कुठे सँडविच चांगलं मिळतं, कुठली नर्स सुई हळू टोचते, हे आम्ही एकमेकांना सांगतो. पहिल्या दिवशी नऊ पानांचा फॉर्म देतात. तुम्हाला हे आहे का, ते झालं होतं का. आमच्यातलं कुणी तो वाचत नाही. वरून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत जायचं, कारण एक ‘हो’ पडलं की दार दाखवतात. कॉफी निवायच्या आत माझी नऊ पानं होतात.

आताचा अभ्यास मात्र ऐकण्यासारखा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर पट्ट्याने बांधतात, एक डाव्या भुवईच्या वर, एक उजव्या. त्यांना तारा, तारा एका पेटीला, आणि पेटीतून अगदी बारीक करंट. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं झिणझिणतं, मग काहीच कळत नाही. भोक नाही, सुई नाही, सँडविचही बरं असतं. स्पंज वीस मिनिटं डोक्यावर आणि तेवढ्यात समोर एक खेळ खेळायचा. पडद्यावर नऊ घरं, कधी हे उजळतं, कधी ते. दोन खेपांपूर्वी जे घर उजळलं होतं तेच पुन्हा उजळलं तर बटण दाबायचं. जमलं की तीन खेपांपूर्वीचं, मग चार.

याला त्या लोकांचं एक भारदस्त नाव आहे. मी त्याला कामापुरती आठवण म्हणतो. जन्मभराची नव्हे, हातातलं काम संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवायची तेवढीच. खालच्या खोलीत पाना आणायला जायचं आणि पानाच घेऊन वर यायचं. मला ते कधी जमलेलं नाही, तुला माहीत आहे. मामा, पहिल्या दिवशी मी दोनवर अडखळत होतो. शुक्रवारी चारवर गेलो. मिस अडेयेमी म्हणून एक आहे, स्पंज तीच बांधते. ती म्हणाली, “वा!” मला ‘वा’ कोण म्हणतं?

नाचाचं मग बघू. थंडी पडली का?

तुझा,
कॉर्बिन

---

हेगस्टॅड, नॉर्थ डकोटा
मंगळवार, १७ सप्टेंबर

कॉर्ब,

दोन महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं आहे. चार घड्याळवाल्याचीसुद्धा अर्धीच गोष्ट. पोस्टात व्हेर्नाने ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “हार्लन, बसून उघड. तुझ्या वयाला धक्का सोसायचा नाही.” ती तीस वर्षं त्या काउंटरमागे बसते आहे आणि तीस वर्षं तिचा टोमणा ताजा असतो.

फोन काढून टाकला हे तुला कळवलं होतं का? वसंतातच काढला. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की डुकरासारखं किंचाळायचं. आता जे काही असेल ते कागदावर.

थंडी म्हणतोस, तर डोक्यात बसवलेल्या धातूच्या पट्टीने पाच दिवसांपूर्वीच खबर दिली. रेडिओच्या आधी कळतं मला. डावीकडे भुवईच्या वर ठणकायला लागलं की दोन रात्रींत दव गोठतं. गवताच्या गाठी बांधणाऱ्या बेलरने डोकं फोडलं, पण एवढं एक बरं केलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुझ्यापाशी ठेव. ऑगस्टच्या नाचाला चार चौकोन उभे होते, प्रत्येक बाजूला एक जोडी, तुला सांगायला नको. तू आठ वर्षं त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यास. स्टेजवरून पावलांच्या हाका देणाऱ्याने, म्हणजे मी, लोकांना गरगरा फिरवायचं, जोड्या फोडायच्या, नवऱ्यांना भलत्या बायकांच्या हाती द्यायचं आणि शेवटी प्रत्येकाला त्याच्या जोडीदारासकट मूळ जागेवर आणून उभं करायचं. घरी आणायचं. लोक येतात त्या शेवटच्या क्षणासाठी. मी प्रत्येक चौकोनातल्या दोन जोड्या डोक्यात टाचून ठेवायचो, बाकीचे आपोआप जागेवर यायचे. एकतीस वर्षं आठ आठ चौकोन असे धरले. ऑगस्टमध्ये चार होते, आणि मधेच टाचण्या निघाल्या. सगळे भलत्याच जागी उभे. आर्डेल नायगार्डच्या हातात तिचा दीर. लोक हसले, मीही हसलो. गाडीत बसल्यावर हसू येईना.

व्हेर्ना सोडून कुणाला बोललो नाही. सव्वीस ऑक्टोबरला नाचाच्या मंडळाला पन्नास वर्षं होतायत. कमिटीतले म्हणतात, “हार्लन, तुझ्यावर भार नको, फार्गोहून एक पोरगा आणू.” सभ्य लोक आहेत, चाकूसुद्धा पुसून मारतात.

तुझी ती पेटी विकत मिळते का रे? सहज विचारलं.

हार्लन

---

मिनिआपोलिस
मंगळवार, २४ सप्टेंबर

मामा,

या पत्राबरोबरचं खोकं सावकाश उघड. पेटी मी स्वतः केली आहे.

हस नको. मिस अडेयेमीची पेटी मी रोज बघतो, आणि इथे माझ्या खोलीत राहणारा बोधान रेडिओ दुरुस्त करतो, त्याने तारा जोडायला डाख कसा द्यायचा ते शिकवलं. आत नऊ व्होल्टची बॅटरी आहे आणि करंट आटोक्यात ठेवणारा रेझिस्टर आहे. लाल तारेचा स्पंज डाव्या भुवईच्या वर, काळीचा उजव्या. आरशात बघून लावू नकोस, मी तसं लावलं आणि डावं-उजवं उलटं झालं. पाण्यात चमचाभर मीठ. दिवसाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि त्या वेळात नुसतं बसायचं नाही, डोक्याला काम द्यायचं. तू तुझे चौकोन फिरव. टेबलावर मीठदाण्या ठेव, कप ठेव.

पहिलं अर्धं मिनिट झिणझिणेल, मग जाईल. घाबरू नकोस. मी रोज लावतो आणि बघ, काल पाचवर गेलो! परवा तर बसमध्ये एक बाई फोनवर कुणाला तरी सामान सांगत होती, अकरा वस्तू, मग दुसऱ्यांदा सांगताना दहाच. मी उतरताना तिला म्हटलं, “बाई, यीस्ट राहिलं.” ती अशी बघायला लागली की मी एक स्टॉप आधीच उतरलो.

मामा, तुझ्या पत्राने मला रात्रभर बरं वाटलं नाही. तू हॉलमध्ये चुकलास हे मला दिसेचना. मला तू फक्त उंचावर दिसतोस, एक हात खिशात आणि खाली सगळे गोल फिरतायत. मी खुर्च्यांमागून बघायचो आणि म्हणायचो, आता हे हरवले, आता नाही सापडत. आणि तू आणायचासच.

फार्गोच्या पोराला सांग, घरीच बस.

मी नाचाला येईन का ते... डेन्व्हरला एक अभ्यास निघतोय, डोळ्यांचा. बघतो.

कॉर्ब

---

हेगस्टॅड
मंगळवार, ८ ऑक्टोबर

कॉर्ब,

पेटी पोचली. पोस्टातच उघडली, व्हेर्नाला राहवेना. बॅटरीचा स्प्रिंग ढिला दिसतो म्हणाली आणि एक दिवस घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत दिली. तिचा नवरा गोठ्यातली यंत्रं दुरुस्त करायचा, तिलाही हात आहे.

सकाळी सातला कॉफी, मग स्पंज. बायको गेल्यापासून या स्वयंपाकघरात कुणी बोललं नव्हतं, आता मी मीठदाण्यांशी बोलतो. चार कप, चार मीठदाण्या. आर्डेल म्हणजे निळा कप, कान फुटलेला, तिच्यासारखाच. झिणझिण म्हणालास ती मला काही लागत नाही. कातडं जाड असेल. पण फरक आहे. पहिल्या दिवशी एक चौकोन धरता येईना. शनिवारी तीन धरले, आणि रविवारी हॉलमध्ये माणसं उभी करून बघितली तर तिन्ही घरी! आर्डेल म्हणाली, “हार्लन, काय खातोस हल्ली?” मी म्हटलं, “मीठ.”

गुरुवारी डोकं दुखलं, पण तो वारा होता. स्पंज मी बरोबर पट्टीच्या वर ठेवतो, गार लागतं, बरं वाटतं.

फार्गोच्या पोराला नको म्हणून कळवलं. कमिटीला सांगितलं, सव्वीसला मीच. आता मागे फिरता येत नाही.

तू केलीस चांगली पेटी. तुझ्या हातून पूर्ण झालेली ही पहिली वस्तू. पक्ष्यांचं घरकुल अजून गॅरेजमध्ये तीन भिंतींवर आहे.

हार्लन

---

मिनिआपोलिस
सोमवार, १४ ऑक्टोबर

मामा, पेटी लावू नकोस. आधी हे वाच, मग बाकी.

पाकिटावरही लाल शाईने लिहिलंय. तुला फोन नाही, पोस्टात केला तर आज कोलंबस दिनाची सुट्टी, घंटी वाजत राहिली. व्हेर्नाच्या घरचा नंबर जुन्या फोनमध्ये होता आणि तो फोन ओमाहाच्या तळ्यात आहे. आता सरळ सांगतो.

अभ्यास शुक्रवारी संपला. शेवटच्या दिवशी मिस अडेयेमीने प्रत्येकाचं बंद पाकीट उघडलं. अर्ध्या लोकांना खरा करंट होता, अर्ध्यांना खोटा. खोटा म्हणजे अर्धं मिनिट झिणझिण, मग पेटी गुपचूप बंद, स्पंज तसाच डोक्यावर. फरक कळू नये म्हणून असं करतात. मी खोट्यात होतो, मामा. पाच आठवडे माझ्या डोक्यावर नुसतं मिठाचं पाणी होतं. मी म्हटलं, “मग मी पाचवर कसा गेलो?” ती म्हणाली, “रोज खेळलास म्हणून.” मी विचारलं, “खरे वाले माझ्या पुढे गेले का?” तर म्हणाली, “थोडेसे, कदाचित. कुठे फरक दिसतो, कुठे नाही. म्हणून तर तुला बसवलं.”

मग मी तिला तुझी पेटी सांगितली. मला वाटलं कौतुक करील. तिचा चेहराच उतरला. रेझिस्टर केवढ्याचा विचारलं, मला सांगता येईना. मग तिने विचारलं, “मामांच्या डोक्यात धातू वगैरे काही नाही ना?”

मी म्हटलं, “नाही.”

तसंच, नऊ पानांसारखं, न ऐकता. जिन्यावर आलो आणि मग आठवलं. मी नऊ वर्षांचा होतो, फ्रिजवरचं ट्रॅक्टरचं चुंबक तुझ्या कपाळाला चिकटतं का बघायचो, आणि तू जेवता जेवता डोकं पुढे करायचास. दर वेळी पडायचं, दर वेळी तू म्हणायचास, “उद्या चिकटेल.” आणि सप्टेंबरमध्ये तू मला पट्टीचं लिहिलंस, मी वाचलं, आणि त्याच आठवड्यात पेटी पाठवली. तो प्रश्न फॉर्मवर होता. आता काढून बघितला, तिसरं पान, वरून दुसरा. माझी खूण आहे त्यावर.

परत वर गेलो. ती म्हणाली, मधे धातू असेल तर करंट कुठे जाऊन साठेल सांगता येत नाही, ताबडतोब थांबवा. आणि तू लिहितोस, बरोबर पट्टीच्या वर ठेवतो.

डोकं अजून दुखतं का? कातडीवर लाल डाग आहे का? लिही. उद्या पोस्ट उघडलं की पहिला फोन माझा असेल.

कॉर्ब

---

पोस्ट ऑफिस, हेगस्टॅड
सोमवार, २१ ऑक्टोबर

कॉर्बिन,

मंगळवारी तू फोन केलास तेव्हा हार्लन काउंटरला टेकून तिकिटं चाटत उभा होता. म्हणून मी “तो बरा आहे, पेटीची चिंता सोड, लिहिते” एवढंच बोलून ठेवला. त्यानंतर तू सहा वेळा केलास. पोस्टाचा फोन पोस्टाच्या कामासाठी असतो.

ऐक. तुझ्या पेटीतून कुणाच्या डोक्यात काही गेलेलं नाही. मी पहिल्याच दिवशी ती घरी नेऊन लाल तार कात्रीने कापली आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. बेलरच्या अपघाताच्या दिवशी हार्लनचं डोकं मांडीवर घेऊन मी चाळीस मैल ट्रकमध्ये बसले होते. त्या डोक्याला बॅटरी लावायची नाही हे कळायला मला हार्लन सांगतो ती तुझी नऊ पानं लागत नाहीत.

तेव्हाच सांगणार होते. पण दोन दिवसांनी तो आला तो वेगळाच. ताठ. कोट झटकलेला. म्हणाला, “व्हेर्ना, काल दोन चौकोन धरले.” मी काय म्हणणार होते, की तू डोक्यावर भांडी घासायचा स्पंज ठेवून बसतोस? गप्प राहिले. मग तीन झाले. मग त्याने कमिटीला शब्द दिला.

आता तुझं पत्र. पाकिटावर एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत ‘पेटी लावू नकोस, जीवाला धोका’ लिहिलंस, ते न उघडताच वाचता येतं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तीस वर्षांत मी एकही पत्र अडवलेलं नाही, बिलंसुद्धा नाहीत, घटस्फोटाची नोटीससुद्धा नाही. हे अडवलं. शनिवारचा नाच झाला की त्याच्या हातात देईन आणि तार मी कापली हेही सांगेन. त्याआधी सांगितलं तर तो त्या स्टेजवर चढणार नाही, आणि या वेळी उतरला तर पुन्हा चढणार नाही.

मी चूक करते आहे असं वाटत असेल तर कळव. पण शनिवारच्या आत मला उत्तर द्यायला तुला जमेल यावर माझा विश्वास नाही.

व्हेर्ना लुंडीन

---

मिनिआपोलिस
बुधवार, २३ ऑक्टोबर

व्हेर्नाकाकू,

बघा, जमलं. पत्र आज आलं आणि आजच लिहितोय, स्पेशल टपालाने टाकतो.

तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसलो आणि बोधानला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, “नाही रे, कुणी गेलं नाही, हेच.” तुम्ही तार कापलीत. मी तुम्हाला शाळेत असताना पोस्टातली पोलादी बाई म्हणायचो, तुमच्या पाठीमागे. त्याचं प्रायश्चित्त म्हणून आज चमचाभर मीठ तोंडात घातलं.

आता दुसरी धास्ती. पत्र अडवा की देऊन टाका, मला ठरवता येत नाहीये. त्या दिवशी पाकीट उघडलं तेव्हा मला काय झालं ते मला माहीत आहे. पाच आठवडे मी हुशार होतो आणि पाच मिनिटांत पुन्हा मीच. त्यानंतर खेळ खेळून बघितला तर दोनवर अडखळलो! डोक्यात ते पाकीट होतं म्हणून, की मुळात तेवढंच येतं म्हणून, कोण जाणे. आमच्यातला एक माणूस पाकीट उघडल्यावर मिस अडेयेमीवर ओरडला, खुर्ची लाथाडून गेला. मामा ओरडणार नाही. तो हसेल आणि गाडीत जाऊन बसेल. तेच मला नको आहे.

पण स्टेजवर असताना आठवलं तर? कुणाच्या तोंडून निसटलं तर? म्हणून मी येत नाही. माझं तोंड म्हणजे काचेची खिडकी आहे, मामा दारातच वाचेल. डेन्व्हरची बस शनिवारी सकाळी आहे. मी नसलो तरच त्याचं बरं होईल, नेहमीसारखं.

शनिवारपर्यंत ठेवा पत्र. मला तुमच्याइतकं कळत नाही.

कॉर्बिन

---

हेगस्टॅड
रविवार, २७ ऑक्टोबर

कॉर्ब,

तुझं लाल शाईचं पत्र काल नाच संपल्यावर हॉलच्या दारात मिळालं. बारा दिवसांनी. मी व्हेर्नाला म्हटलं, “घोड्यावरून येत होतं का?” ती रडायला लागली. तिला रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं, पहिल्यांदा ट्रकमध्ये. मग तिने कात्रीचं सांगितलं.

आता माझं ऐक. तार कापलेली मला पेटी परत मिळाली त्याच दिवशी कळलं होतं. चाळीस वर्षं मी बेलर आणि ट्रॅक्टर उघडतोय, मला दिलेली पेटी मी न उघडता डोक्याला लावीन? लाल तार साफ कापलेली आणि वर पोस्टाची पिवळी चिकटपट्टी. गावात ती एकाच ड्रॉवरमध्ये असते. का कापली ते विचार केल्यावर कळलं. पट्टीचं मला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं आणि विसरलो. हल्ली या दोन्हींतला फरक मला सांगता येत नाही, आणि सांगायची खरी गोष्ट हीच आहे.

मग लावत का बसलो? एक म्हणजे, डोक्यावर ओला स्पंज बांधून बसलेल्या माणसाला वीस मिनिटं कुणी काही विचारत नाही. सरावाला बसलो म्हटलं असतं तर मला माझीच लाज वाटली असती, एकतीस वर्षांनी सराव. पेटीसाठी बसतोय म्हटलं की बसता यायचं. आणि दुसरं, तू पूर्ण केलेली वस्तू चालत नाही हे तुला कोणत्या तोंडाने लिहू? व्हेर्ना मला फसवत होती, मी तुम्हा दोघांना. गावाने पन्नास वर्षांचा नाच केला आणि आम्ही तिघं आपापल्या चौकोनात भलतीकडेच उभे.

आता नाचाचं. सहा चौकोन, अठ्ठेचाळीस माणसं. पाच फेऱ्या सगळे घरी आणले. कॉर्ब, पाचही. हॉल उठून उभा राहिला. सहाव्या फेरीला, अगदी शेवटी, सगळे विखुरलेले असताना डोक्यात सगळं पांढरं झालं. बर्फ पडून कुंपण दिसेनासं होतं तसं. फिडलवाला व्हायोलिन वाजवतोय, लोक माझ्याकडे बघतायत, पुढची हाकच नाही.

ऑगस्टमध्ये मी हसलो होतो. काल नाही हसलो. माईकमध्ये म्हटलं, “मंडळी, मला तुमची घरं सापडत नाहीयेत. तुम्हाला आठवतायत का?”

मग आर्डेल ओरडली, “एकतीस वर्षांत आम्ही कधी लक्षात ठेवलीत का? ते तुझं काम, हार्लन!”

आणि जो हशा पिकला तो. बायका नवऱ्यांची नावं घेऊन हाका मारायला लागल्या, “एल्मर! इकडे, खांबाजवळ! खांबाजवळ, आंधळ्या!” हात ओढून, धक्के देऊन, फिडल चालू असतानाच एकेक जोडी आपापल्या जागी. गुड्रुन हाल्वरसन एकटी भलत्या माणसाचा हात धरून राहिली, पण ते तिने मुद्दाम केलं असं माझं मत आहे. मी वर उभा होतो आणि पहिल्यांदाच खालचे मला घरी आणत होते.

तेव्हा रडू आलं नाही, आता लिहिताना येतंय, म्हणून अक्षर असं.

सराव केला म्हणून पाच फेऱ्या मिळाल्या. सहावी सरावाने मिळणार नाही असं मला वाटतं. खाली पाना आणायला जातो आणि उभा राहतो. काल बायकोच्या बहिणीचं नाव आठवेना. तुझं अजून आठवतं. सहा नोव्हेंबरला फार्गोला डोक्याच्या डॉक्टरकडे वेळ घेतली आहे, व्हेर्ना नेईल. त्यांनी फॉर्म पाठवला आहे, अकरा पानं. हे झालं का, ते होतं का, घरात कुणाला होतं का. काल रात्रीपासून टेबलावर मीठदाणीखाली आहे. मला भीती वाटते, कॉर्ब. मी सगळीकडे ‘नाही’ लिहीन अशी. तुझ्यापेक्षा वाईट कारणाने लिहीन.

म्हणून विचारतो. हो की नाही एवढंच उत्तर दे, घड्याळवाला नको. तू येशील का? फॉर्म तू वाच, प्रत्येक ओळ मोठ्याने, आणि मी खोटं बोललो तर मला थांबव.

डेन्व्हर सोडता येत नसेल तर तसं

थांब. बाहेर व्हेर्नाची गाडी लागली. रविवारी ती चर्चनंतर बहिणीकडे जाते, इकडे येत नाही. तिच्या शेजारी कुणीतरी बसलंय. दार उघडतंय. पाठीवर पोतं, बुटाची लेस सुटलेली, आणि आपलं कुत्रं भुंकतच नाहीये.

हे पत्र आता टपालात टाकायला नको. मी दुसरा कप काढतो, निळा, कान फुटलेला.